चार इंच वर

स्टर्लिंग प्रुइटला लोकांचं भलं करायची वाईट खोड होती. त्यासाठी त्याच्या पिकअपमध्ये एक पिवळाधमक पट्टा कायम गुंडाळून ठेवलेला असे. वाळूत रुतलेली गाडी त्या पट्ट्याने ओढून बाहेर काढणं हा त्याच्या म्हातारपणाचा एकमेव शौक. आठवडाभर कुणी रुतलं नाही की तो उदास व्हायचा, जेवण जात नाही म्हणायचा. आयोवातल्या एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात उमेदीची सगळी वर्षं गेल्यामुळे परोपकाराची तहान त्याला उशिरा लागली होती आणि ती भागत नव्हती.

दर हिवाळ्यात उत्तरेकडची म्हातारी मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरत. त्यातला एक तांडा एका कोरड्या ओढ्यापलीकडच्या माळावर मुक्काम टाकी. स्टर्लिंग या तांड्याचा प्रमुख होता. त्याला कुणी निवडलं होतं असं नाही, पण शिट्टी त्याच्याकडे होती. दुपारी चारला ती वाजली की प्रत्येक जण आपली घडीची खुर्ची आणि आपला पेला घेऊन गोलात येऊन बसे आणि आपली गाडी एका गॅलनमध्ये किती मैल जाते याबद्दल एकमेकांशी खोटं बोले.

ऑरिन हॅव्हरकँप या गोलात बसायचा, पण खुर्ची जरा मागे घेऊन. नेब्रास्कातल्या एका गावच्या वाचनालयात त्याचा जन्म गेला होता. तिथे हळू बोलायची सवय लागली ती लागलीच. आपलं बोलणं लोकांना ऐकू गेलं तर आपण बरोबर बोललो ना, अशी त्याला रात्रभर धास्ती वाटे. त्याची बायको लॅव्हॉन शाळेची बस चालवायची. तिचं बोलणं बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे आणि त्याबद्दल तिला कधी धास्ती वाटली नव्हती.

मागच्या वर्षी घडलं ते असं. हॅव्हरकँपांची मोटरहोम जुनी, बुटकी, आणि मागच्या चाकांच्या मागे हे भलं लांब शेपूट असलेली. त्या शेपटात न्हाणीघर. ओढा ओलांडताना पुढची चाकं पलीकडचा काठ चढू लागली, नाक वर गेलं आणि शेपूट खाली टेकलं. नुसतं टेकलं नाही, वाळूत नांगरासारखं घुसलं. मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. ऑरिनने ब्रेक दाबला, डोळे मिटले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की शेजारची सीट रिकामी आहे.

लॅव्हॉन ‘दोन मिनिटांत आलेच’ म्हणून मागे गेली होती.

गाडीचा सांगाडा पिळल्यामुळे न्हाणीघराचं दार चौकटीत अडकलं. ते आतून उघडेना, बाहेरूनही उघडेना. सगळा तांडा खुर्च्या घेऊन काठावर जमला. स्टर्लिंगच्या चेहऱ्यावर तर लग्नघरातली कळा आली. त्याने पिकअप अलीकडच्या काठावर नेऊन पट्टा लावला, ती दणक्यात मागे घेतली आणि मोटरहोम आली होती त्याच काठाला परत ओढून आणली. लॅव्हॉन आत बसलेलीच होती. दार उघडलं तेव्हा तिच्या पांढऱ्या विजारीवर संडासातल्या औषधाच्या निळ्या पाण्याचे शिंतोडे होते, घोट्याशी, दोन-चार.

तो अख्खा मोसम त्यांनी ओढ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला दोघांनीच काढला. रोज चारला खुर्च्या उचलून ओढा पायी ओलांडायचा आणि पलीकडे जाऊन स्टर्लिंगच्या तोंडून तीच गोष्ट ऐकायची. गोष्टीतलं निळं पाणी दर आठवड्याला थोडं थोडं वर चढत होतं. नाताळात ते घोट्याशी होतं. मार्च उजाडेपर्यंत लॅव्हॉन त्यात गळ्यापर्यंत बुडाली होती आणि स्टर्लिंगने तिला केसांना धरून बाहेर काढलं होतं. ऑरिनचं नाव ‘नांगऱ्या’ पडलं. ते त्याला फारसं आवडलं नाही, पण खोटं होतं असंही त्याला म्हणवेना.

उन्हाळ्यात ही दोघं नेब्रास्कातल्या कर्नी गावी, लॅव्हॉनच्या बहिणीच्या अंगणात गाडी लावून राहत. बहिणीचं नाव युनिस. युनिसच्या घराचा अर्धा भाग रिकामा होता आणि तो भरण्याची तिला देवाकडून आज्ञा झाली होती. तिच्याकडे संडासातल्या कागदाच्या गुंडाळीलाही विणलेलं झबलं असे. सकाळी न्याहारीला ती डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करी, आणि त्या प्रार्थनेत ज्यांची श्रद्धा डळमळीत आहे त्यांची नावं येत. नाव एकच असे. ऑरिनची अंडी तोवर थंड होत.

“पाद्रीबाबांचा पुतण्या तुमची मोटरहोम घ्यायला तयार आहे,” युनिस म्हणाली. “मासे धरायला जायला.”

लॅव्हॉनने ताबडतोब नाही म्हटलं नाही. रात्री गाडीत अंथरुणावर पडल्यावर ती छताकडे बघत म्हणाली, “ऑरिन, ऐक. मला वाळवंट आवडतं. युनिस मला दिवसातून तासभर आवडते. पण मी आत असताना पुन्हा त्या माणसाचा पट्टा आपल्याला लागला, तर मी ही गाडी पाद्रीच्या पुतण्याला देऊन टाकीन आणि त्या झबल्यांमध्ये मरीन. माझी आणखी एक गोष्ट त्याला मी मिळू देणार नाही.”

“पुन्हा नाही होणार.”

“कशावरून?”

“मी वाचलंय,” ऑरिन म्हणाला.

त्याने खरंच वाचलं होतं. मोटरहोमवाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चापीठावर ‘गाडी उंचवावी की नाही’ या विषयावर वर्षानुवर्षं जुंपलेली होती. धर्मयुद्धांत माणसं इतकी त्वेषाने बोलली नसतील. एक पंथ म्हणे, चार इंच उचला, लांब स्प्रिंगा घाला, मागच्या स्प्रिंगांचे पाटे बदला, जाड सळीचा आधार द्या, शेपूट कुठे टेकणार नाही आणि गाडी वाऱ्यात डुलणार नाही. दुसरा पंथ म्हणे, उचललेली मोटरहोम म्हणजे उंच टाचा घातलेली म्हैस. ऑरिनने दोन्हीकडची सगळी पानं वाचली. एकदा त्याने स्वतःही काही लिहिलं, सुरुवातीला माफी मागितली, शेवटीही मागितली, आणि तासाभराने ते पुसून टाकलं. पण मनाने तो पहिल्या पंथात गेला होता.

म्हणून डिसेंबरात, वाळवंटात जायच्या आधी, त्यांनी मोटरहोम युमातल्या मार्व्हेल ओचोआच्या गॅरेजात घातली.

मार्व्हेल पन्नाशीची, रुंद बांध्याची बाई. तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. बोलताना ती टरफलं डावीकडे थुंकायची, त्यामुळे गिऱ्हाइकं तिच्या उजवीकडे उभी राहायला शिकली होती. गाडीभोवती एक चक्कर मारून तिने मागच्या बंपरला लाथ घातली.

“राजा, या शेपटाने काय शेती करतोस काय?”

ऑरिनचे कान लाल झाले. “एक विनंती होती,” तो म्हणाला. “स्प्रिंगा ठरवण्याआधी प्रत्येक चाकाचं वजन वेगवेगळं घ्यावं. सामानासकट. एकदम सगळ्या गाडीचं घेतलं तर... म्हणजे, मी चुकतही असेन.”

“मी बारकी पोर होते तेव्हापासून गाड्या उचलतेय. सगळ्यांना एकच माप लागतं.”

“हो, हो. बरोबर. तरी पण.”

त्याच्या ‘तरी पण’मध्ये एक असा ओशाळा चिवटपणा होता की मार्व्हेलने कटकट करत चारी चाकांखाली काटे सरकवले. आकडे बघून तिने चघळणं थांबवलं. मागची डावी बाजू बाकीच्यांपेक्षा कितीतरी जड भरत होती.

“इथे काय ठेवलंयस? प्रेत?”

“ज्ञानकोश,” लॅव्हॉन म्हणाली.

वाचनालयाने ज्ञानकोशाचा जुना संच रद्दीत काढला तेव्हा ऑरिन तो घरी घेऊन आला होता. जेवायच्या बाकाखाली, मागच्या डाव्या चाकाच्या बरोबर वर, सगळे खंड ओळीने बसवलेले होते. दर वर्षी लॅव्हॉन ते काढून टाक म्हणायची आणि दर वर्षी तो उद्या म्हणायचा.

“यांच्यात अजून दोन जर्मन्या आहेत,” लॅव्हॉन मार्व्हेलला म्हणाली. “तरी हा माणूस ते वाचतो.”

“माझं म्हणणं एवढंच,” ऑरिन म्हणाला, “की स्प्रिंगा आता या वजनाला धरून बसवल्या, तर पुढे ते वजन काढून चालणार नाही. गाडीचा तोल जाईल. शास्त्रीयदृष्ट्या.”

लॅव्हॉनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “लबाड म्हातारा,” ती म्हणाली, पण आवाजात थोडं कौतुक होतं.

मार्व्हेलने मागच्या डाव्या बाजूला जास्तीचा पाटा घातला. पुढे लांब स्प्रिंगा आल्या, नवे शॉक ॲब्सॉर्बर आले, ब्रेकच्या नळ्या वाढवल्या गेल्या, चाकं सरळ रेषेत आणली गेली. गाडी खाली उतरवली तेव्हा ती ऑरिनला अनोळखी वाटली. पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरायला निघालेल्या माणसासारखी ती उभी होती.

“आता ऐक,” मार्व्हेल म्हणाली. “तुमची छोटी मोटार मागे जोडून ओढायचा दांडा आता तिरका बसतोय. उतरता जोड मागवलाय, तो पुढच्या आठवड्यात येईल. तोवर मोटार बाईंनी वेगळी चालवत न्यायची. छतावरून तारा, फांद्या सांभाळायच्या. आणि एक छोटी—”

“मी सगळं वाचलंय,” ऑरिन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाचं बोलणं मध्येच तोडलं होतं. लगेच त्याला अपराधी वाटलं. पण मार्व्हेलने खांदे उडवले, डावीकडे थुंकली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

महामार्गावर लागल्यावर ऑरिनला जे वाटलं त्याला नाव द्यायचं त्याचं धाडस होईना. पूर्वी बाजूने मालट्रक गेला की मोटरहोम दारुड्यासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे झुके, कपाटातली ताटं टाळ्या वाजवत आणि ऑरिनची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडत. आता ट्रक गेला, वारा आदळला, आणि गाडी ढिम्म. नाकासमोर. ऑरिनने एक हात सोडून पाहिला. मग कोपर खिडकीवर टेकवलं. मग, आपल्याला कुणी बघत नाही याची आरशात खात्री करून घेऊन, त्याने शीळ घातली.

वॉकीटॉकी खरखरली. मागून मोटारीत येणाऱ्या लॅव्हॉनचा आवाज आला. “ऑरिन, तुझं खालचं सगळं दिसतंय.”

“काय?”

“गाडीचं. आस, नळ्या, लोंबणारं सगळं. चारचौघांत जायचंय, काहीतरी झाक.”

“लॅव्हॉन, ही डुलत नाहीये.”

“बघतेय मी. शेपूट हललं नाही एकदाही.” मग जरा थांबून, “छान चालवतोयस.”

बसवाल्या बाईकडून हे ऐकायला त्याचं लग्न होऊन बरीच वर्षं जावी लागली होती.

ओढ्यावर पोचले तेव्हा चारची शिट्टी नुकतीच झाली होती. पलीकडच्या काठावर सगळा तांडा खुर्च्या टाकून बसलेला. हॅव्हरकँप येताना दिसले तशा खुर्च्या एकेक करून ओढ्याच्या बाजूला वळल्या.

“नांगऱ्या आला!” स्टर्लिंग ओरडला. “थांबा रे, कुणी जाऊ नका!” आणि तो पट्टा आणायला पिकअपकडे धावला.

ठरलं होतं ते असं की मोटार अलीकडे ठेवायची आणि लॅव्हॉनने मोटरहोममध्ये बसून दिमाखात ओढा ओलांडायचा. पुढच्या सीटवर, सगळ्यांना दिसेल अशी. त्यासाठी तिने लिपस्टिकही लावली होती. तिने मोटार थांबवली, मोटरहोमच्या दारापाशी आली, आणि थांबली.

दाराखालची पायरी तिच्या मांडीशी आली होती.

तिने डावा पाय उचलून पाहिला. डाव्या गुडघ्यात दोन वर्षांपूर्वी धातू बसवला होता. तो एका मर्यादेपर्यंत वाकत असे आणि पुढे सरकारी कर्मचाऱ्यासारखा नकार देत असे. मग तिने उजवा पाय टाकून पाहिला. उजवा गुडघा तिचा स्वतःचाच होता, त्यामुळे तो तर त्याहून वाईट.

“ऑरिन,” ती हळू म्हणाली. हळू बोलली म्हणजे परिस्थिती गंभीर होती. “तू वाचलं होतंस.”

“हो.”

“गाडी चार इंच वर गेली की पायरीही चार इंच वर जाते, हे कुणी लिहिलं नव्हतं?”

ऑरिन उघड्या दारात उभा राहून खाली बघत होता. त्याने आस, कोन, वजनं, वारा, तारा, फांद्या, सगळ्याचा विचार केला होता. मार्व्हेलचं अर्धवट राहिलेलं वाक्य त्याला आता पूर्ण ऐकू आलं. “मी खाली येऊन तुला...”

“मला काय? उचलून घेशील? त्यांच्यासमोर?” तिने पलीकडे पाहिलं. कुणीतरी दुर्बीण काढली होती. “तू हो पुढे. मी मोटार घेऊन येते.”

“मोटार खाली लागेल.”

“मी बर्फात पन्नास पोरं घेऊन बस चालवलीय. तू जा, मी तुझ्या चाकोरीतून येते.”

ऑरिनने गिअर टाकला. ओढ्यात उतरताना त्याने सवयीने डोळे मिटले, मग आपण चालवतोय हे आठवून उघडले. पुढची चाकं तळाशी गेली, पलीकडचा काठ चढू लागली, नाक वर गेलं. तो त्या आवाजाची वाट बघत राहिला, मागच्या वर्षीच्या त्या कुरकुरत घुसण्याच्या आवाजाची. आवाज आला नाही. शेपूट वाळूवरून अलगद वर गेलं, आणि मोटरहोम काठावर चढून माळावर उभी राहिली. नुसती उभी राहिली, एवढंच. टाळ्या पडल्या. कुणीतरी “अरेच्चा!” म्हणालं. ऑरिनला वाटलं, आता उतरून काहीतरी बोलावं लागणार.

तेवढ्यात मागे धप्प झालं.

लॅव्हॉन खरोखरच त्याच्या चाकोरीतून आली होती. चूक तिथेच झाली. जड मोटरहोमची चाकं मऊ वाळूत खोल चरे पाडून गेली होती आणि दोन चरांच्या मध्ये वाळूचा उंचवटा राहिला होता. छोटी मोटार त्या चरांत उतरली आणि पोटावर बसली, दगडावर ऊन खात पडलेल्या कासवासारखी. चारी चाकं होती जागेवर, पण कुणाचेच जमिनीशी फारसे संबंध उरले नव्हते.

 काठावरून स्टर्लिंगचा आवाज आला, आनंदाने भिजलेला.

“लॅव्हॉन! घाबरू नकोस! मी आलोच!”

मोटारीच्या काचा वर गेल्या. चारी दारांची कुलपं खटकन लागली. ऑरिनच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली.

“ऑरिन.”

“हं.”

“त्याचा पट्टा या गाडीला लागला, तर मी इथूनच युनिसला फोन करते. इथे रेंज आहे. मी बघितलंय.”

ऑरिनला कर्नी दिसलं. थंड अंडी दिसली. झबलं घातलेली ती गुंडाळी दिसली. त्याने पलंगाखाली हात घातला. तिथे एक पट्टा होता, मागच्या वर्षीच्या अपमानानंतर गुपचूप मागवलेला, अजून प्लास्टिकच्या कडक खोक्यात बंद. तो बाहेर काढायचा, मोटरहोम उलटी ओढ्यात उतरवायची आणि बायकोला आपणच ओढायचं. उलटी म्हणजे आधी शेपूट. तेच शेपूट, त्याच ओढ्यात, त्याच लोकांसमोर. याबद्दल चर्चापीठावर कुणीही काहीही लिहिलेलं नव्हतं. दोन्ही पंथ गप्प होते.

“मी मागे घेतोय,” तो वॉकीटॉकीत म्हणाला. “मला काही दिसत नाहीये. तू सांग.”

“उजव्या आरशात माझा दिवा दिसतोय?”

“हो.”

“तो आरशातून जाऊ द्यायचा नाही. ये. हळू. सरळ. सरळ म्हणजे सरळ, ऑरिन, नागमोडी नाही.”

स्टर्लिंग पट्टा खांद्यावर टाकून मोटरहोमच्या बाजूने धावत होता. “डावीकडे घे, गड्या! डावीकडे! नाही नाही, माझं डावं! अरे, थांब, टेकणार, मी सांगतो टेकणार! राहू दे, हा पट्टा घे!”

ऑरिनने त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर त्याने प्रत्येकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं, वाचनालयात येऊन हवामानाची तक्रार करणाऱ्यांचंसुद्धा. त्याने बटण दाबलं. काच वर गेली. स्टर्लिंगचं तोंड हलत राहिलं.

“आता काठ येतोय,” लॅव्हॉन म्हणाली. “शेपूट खाली येणार. ब्रेकवर पाय हलका. उतरू दे. उतरू दे...” मग ती गप्प झाली.

“लॅव्हॉन?”

“थांब, बघू दे.”

“टेकलं?”

“वीतभर वर आहे,” ती म्हणाली. “माझ्या हाताची वीत. ये अजून. बास!”

तो उतरला. हातात ते खोकं होतं. स्टर्लिंग त्याच्यासमोर पिवळा पट्टा हारासारखा धरून उभा होता.

“दोस्ता, हा तयार आहे. तुझा तर खोक्यातच आहे.”

पट्टा खोक्यातच होता हे खरं होतं. ते प्लास्टिक अशा कुणीतरी बनवलं होतं ज्याला आतली वस्तू कुणी कधी वापरावी असं वाटत नव्हतं. ऑरिनने नखं लावली. ओढलं. शेवटी दात लावले. खुर्च्या आता काठावरून खाली ओढ्यात आल्या होत्या. मोटारीची काच बोटभर खाली झाली आणि फटीतून नखं कापायची छोटी कात्री बाहेर आली.

“दात नवे आहेत तुझे,” लॅव्हॉन म्हणाली आणि काच पुन्हा वर गेली.

कात्रीने हळूहळू, पोस्टाचं तिकीट कापावं तसं, त्याने खोकं कापलं. पट्ट्याचं एक टोक मोटरहोमच्या मागच्या हुकात, दुसरं मोटारीच्या पुढच्या कडीत. ही कडी मोटार मागे जोडून ओढायलाच तर बसवलेली होती. तो वर चढला, पहिला गिअर टाकला आणि पाय इतका हळू दाबला की काही वेळ काहीच झालं नाही. मग पट्टा ताणला. पाटे किंचित दबले, मागचा डावा तर जराही नाही, तिथे दोन जर्मन्या पाय रोवून बसल्या होत्या. मोटारीचं पोट वाळूवरून खरडलं, चाकांना जमीन मिळाली, आणि ओढ्यातून दोघं एकामागून एक वर आली.

यावेळी टाळ्या जरा जास्त वाजल्या. लॅव्हॉन मोटारीतून उतरली, लिपस्टिक ठीकठाक केली आणि पांढऱ्या विजारीवरची धूळ झटकली.

“मी याला सांगतच होतो,” स्टर्लिंग गोलाकडे जात म्हणाला, “की हळू ओढ, पहिल्यातच ओढ. तर मंडळी, झालं असं की मी पाहिलं, ही बिचारी आत अडकलेली—”

“स्टर्लिंग,” लॅव्हॉन शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बस खाली.”

तो बसला. का बसला हे त्याला स्वतःलाही कळलं नसावं. बसमध्ये पोरंही अशीच बसत.

मग लॅव्हॉनने स्वतः गोष्ट सांगितली. मागच्या वर्षीपासून, न्हाणीघरापासून. निळं पाणी तिने थेट छतापर्यंत चढवलं आणि त्यात स्टर्लिंगला पोहायला लावलं. स्वतःचं पोटावर बसलेलं कासव सांगितलं, दातांनी खोकं फोडणारा नवरा सांगितला. लोक खुर्च्यांतून घसरले. स्टर्लिंगही हसला, सगळ्यांपेक्षा उशिरा आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. पिवळा पट्टा त्याच्या मांडीवर तसाच पडून होता. ऑरिनला त्याची थोडी कीव आली. उद्या मुद्दाम एखादं चाक रुतवावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

ऊन उतरलं तसा गारठा आला. लॅव्हॉन उठली, मोटरहोमच्या दारापाशी गेली आणि पुन्हा त्या पायरीसमोर उभी राहिली. गोलातलं बोलणं मंदावलं. पायरी अजून मांडीशीच होती.

स्टर्लिंग अर्धवट उठला. “लॅव्हॉन, मागून जरा आधार देऊ का?”

“हात लावून तर बघ. तुझा दावा मी नाकारीन.”

ऑरिन आत चढला. जेवायच्या बाकाची फळी उचलली. आत सगळे खंड ओळीने उभे होते, त्यांच्या पाठीवरचा सोनेरी रंग उडालेला. वाचनालयात पुस्तकावर पेला ठेवणाऱ्या माणसालाही त्याने कधी क्षमा केली नव्हती. एका पोराने उंच फळीवरचं काढायला शब्दकोशावर पाय ठेवला होता, त्याचं कार्ड त्याने वर्षभर जप्त केलं होतं. ते पोर पुढे नगराध्यक्ष झालं, तरी ऑरिनने त्याला मत दिलं नव्हतं. तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने काही जाड खंड निवडले, दारातून खाली उतरवले आणि वाळूवर एकावर एक, पाठी एका बाजूला करून, नीट रचले. जमीन सपाट आहे ना हे बघायला हात फिरवला. पायरी झाली.

लॅव्हॉन बघत होती. “नक्की?”

“तात्पुरतं,” तो म्हणाला. “मार्व्हेलकडून लोखंडी पायरी येईपर्यंत. तोल मी बघून घेईन. उजवीकडून पाण्याचे डबे डावीकडे घेईन. शास्त्रीयदृष्ट्या...”

“ऑरिन, मी बूट काढू का?”

त्याला ते एकदम इतकं लागलं की त्याने चष्मा पुसला. “नको,” तो म्हणाला. “वाळू थंड असते.”

तिने त्याचा खांदा धरला, पाय उचलला आणि मध्येच थांबली. “सगळ्यात वर कुठला ठेवलायस?”

ऑरिनने वाकून पाठीवरची अक्षरं वाचली. खरं तर वाचायची गरज नव्हती. तो त्यानेच निवडून वर ठेवला होता.

“ज्यात नेब्रास्का आहे, तो.”

लॅव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने उजवा पाय ठेवला, डावाही ठेवला, आणि वर चढायच्या आधी दोन्ही पायांनी त्या खंडावर भक्कम उभी राहून, टाच जरा दाबून, गोलाकडे बघत हात हलवला.

“युनिसला फोन लाव,” ती म्हणाली. “म्हणावं, पाद्रीच्या पुतण्याने मासे काठावरूनच धरावेत.”